ढिगातला विस्तव

हिरवेबाबांनी ढिगातून लोखंडी सळई उपसली आणि पुढच्या रांगेतल्या किराणावाल्यासमोर धरली. त्याने बोट टेकवलं न टेकवलं तोच मागे घेतलं.

"पोळतंय," तो म्हणाला. मैदानभर कुजबुज पसरली.

ढीग साध्या उपटलेल्या तणाचा. खाली जाळ नाही, कोळसा नाही, तरी वरून वाफा निघत होत्या.

"काडी लावली का कुणी? नाही. हा मंत्राचा विस्तव आहे, माउली. तणाच्या बियांची सात कुळं आत जळताहेत. तुम्ही घरी ढीग करा, आमची विभूती टाका आणि झाकून ठेवा. त्याला हात मात्र लावायचा नाही. ढवळलं की विस्तव रुसतो."

विस्तव रुसतो म्हटल्यावरही कुणाला हसू आलं नाही. गर्दीत बसलेल्या काकूंना तर नाहीच. रोज पहाटे जप झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत. साधुपुरुषाच्या शब्दाला फाटे फोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यात त्यांना गरजही होती. काकांना गाजरगवत सोसत नसे. ते फुललं की छाती भरून येई, श्वासाबरोबर शिट्टी वाजे. सारा जन्म शिवणयंत्रावर वाकून काढलेल्या त्या माणसाला आता अंगणात बसायचं होतं, एवढंच. म्हणून काकू एकही रोप टिकू देत नसत. उपटलेलं सगळं दूर नेऊन टाकत.

आता टाकायची गरज उरली नव्हती. त्यांनी गल्लीतलं फुललेलं गवतसुद्धा आणून परसात ढीग रचला.

सून शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "आई, फुलावर आलेलं ढिगात नको. त्यातलं बी मेलं नाही तर?"

"अगं, सळई पाहिलीस ना तू?"

"मधली पाहिली. कडेची कुणी पाहिली?"

"तुला प्रत्येक गोष्टीत कडेलाच जायचं असतं," काकू हसून म्हणाल्या आणि त्यांनी विभूती शिंपडली.

खत काळंभोर, भुसभुशीत झालं. काकूंनी ते अंगणातल्या सगळ्या वाफ्यांत पसरलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही आपापल्या ढिगाचं पसरलं. पाणी मिळताच वाफ्यांवर हिरवी लव उठली. पानं कातरलेली, ओळखीची. काकूंनी एक रोप उपटून पाहिलं. गाजरगवतच.

पुढच्या सभेला त्या सुनेला घेऊन गेल्या. सगळ्यांची एकच तक्रार होती. बाबा मात्र शांत. "मनात किंतू ठेवून विभूती टाकली, दुसरं काय?"

"मला सळई द्याल?" सुनेने विचारलं. उत्तराची वाट न पाहता तिने ती उचलली, ढिगाच्या कडेला खुपसली, थोडी थांबली आणि किराणावाल्यापुढे धरली. "धरा, काका."

त्याने मुठीत धरली. "गार आहे."

"आमच्या शाळेतला ढीगही मधे असाच पोळतो. तिथे विभूती नाही की मंत्र नाही. ओलं गवत आणि शेण मोठ्या ढिगात कुजलं की आतले जंतू ऊब तयार करतात. त्या उबेने मधलं बी मरतं, कडेचं जिवंत राहतं. म्हणून ढीग पुन्हा पुन्हा उलटायचा, कडेचं मधे घालायचं, ओल राखायची. बाबांनी नेमकं तेच करू दिलं नाही."

मग किराणावाल्याने सळई जपून खाली ठेवली. "बाईमाणसाच्या हाताने विस्तव विझला असेल," तो म्हणाला. माना डोलल्या. विभूतीसाठी पुन्हा रांग लागली.

घरी येऊन काकूंनी रोपं उपटायला घेतली. आज उपटलेल्या जागी उद्या नवी येत. बी मातीत वर्षानुवर्षं दम धरून राहतं, असं सुनेने सांगितलं, तरी त्या उपटत राहिल्या. आपलं अंगण कसंबसं आवरलं, तरी कुंपणापलीकडे पांढरा फुलोरा डुलत होता. काकांच्या खोलीची खिडकी बंद झाली ती बंदच राहिली.

कुंपणाशी उभ्या राहून काकू हळूच शेजारणीला म्हणाल्या, "वहिनी, फुलण्याआधी उपटा हो. फुललेलं ढिगात नकोच, काळ्या पिशवीत बांधून पार कुजेपर्यंत उन्हात ठेवा. बाकीचा ढीग उलटत राहा."

"काकू, तुम्ही एवढ्या देवाच्या, आणि तुम्हीच असं बोलता?"

"देवाचीच आहे मी. म्हणून सांगते, हात लावून बघू नका असं जो सांगेल, त्याचं ऐकू नका. मी ऐकलं. यांचा श्वास ऐकू येतोय ना तुम्हाला?"

शेजारणीने खिडकीकडे पाहिलं. बंद खिडकीआडून शिट्टी येत होती. "बाबांची थोडी विभूती देऊ का काकांना?" तिने मायेने विचारलं.