कमानीखालचा तुंबा

जेरोटिचने पळायचे बूट घासून कुंपणावर वाळत घातले. ते आता ती विकणार होती. दोन वर्षांपूर्वी परदेशातली शर्यत मारून ती आपल्या गावी, इटेनला परतली, तेव्हा गावच्या कमानीखाली बायकांनी तिला सुक्या भोपळ्याच्या तुंब्यातून मुर्सिक पाजलं होतं. आंबवलेलं, कोळशाच्या पुडीने करडं झालेलं ते दूध घरोघरी पितात, पण कमानीखालचा तुंबा जिंकून येणाऱ्याचाच. त्यानंतर जेरोटिचबाईंचं बिनसलं. आधी वाटलं, जिंकलोच आहोत, उद्या पळू. पहाटे मुली सरावाला तिठ्यावर जमायच्या तेव्हा ही घोंगडीत. मग पुढची शर्यत हातची गेली, तिच्या पुढचीही गेली, आणि वाटायला लागलं, हरायचंच आहे तर पाय कशाला झिजवायचे? आता ती बटाट्यांचं दुकान टाकणार होती.

कोच किमाइयो कुंपणाशी येऊन बुटांकडे बघत राहिला.

"वाळले की घाल. नैरोबीला काम आहे."

"मी सोडलं कोच. सांगितलंय ना तुम्हाला."

"शर्यत मार म्हणतंय कोण? जेप्लेटिंगला परदेशी जायचं तर नैरोबीच्या शर्यतीत तिची वेळ चांगली लागायला हवी. तू पहिले दहा किलोमीटर तिच्या पुढे राहा, वेग धरून दे आणि बाजूला हो. जिंकायचं नाही, हरायचं नाही. एवढं तरी जमेल का बटाटेवालीला?"

हे झोंबलं. जेप्लेटिंग म्हणजे कालपरवापर्यंत हिच्या मागे धापा टाकणारी पोर. पण नाही म्हटलं असतं तर बटाटेवाली हे नाव जन्माचं चिकटलं असतं. जेरोटिच तिठ्यावर जाऊ लागली.

पहिला आठवडा पोटऱ्या नुसत्या ठणकल्या. पुढे एक गंमत तिच्या ध्यानात आली. तिला झोप लागत होती. तिचा निकाल कोणी विचारणार नव्हतं, त्यामुळे चढावर ती पोरींची थट्टा करत पळे, आणि कोच घड्याळ बघून काहीच बोलत नसे. किमाइयो बोलला नाही की समजावं, त्याला हवं ते होतंय.

नैरोबीत तिने ठरलेला वेग धरला. जेप्लेटिंग पाठीला चिकटून होती. आठव्या किलोमीटरला तिचा श्वास फाटायला लागला.

"ताई, जरा हळू."

"हळूबिळू काही नाही. माझ्या खांद्याकडे बघ आणि ये."

पोर आली. दहाची खूण दिसली तेव्हा जेरोटिचला कळलं, आपल्याला अजून धापही लागलेली नाही. वेग धरणाऱ्याने पुढे पळत राहू नये असा नियम नाही, आणि असे जिंकून आलेले लोक इटेनमध्ये आहेत. पाय थांबायला तयार नव्हते. पण आत्ता आपण सुटलो तर मागची पोर इथेच मोडेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. असं मोडणं ती दोन वर्षं भोगत होती. ती बाजूला झाली, पदपथावर बसली आणि रडली. ते रडणं रागाचं होतं. आपण जिंकलो असतो, हा राग. असा राग तिला दोन वर्षांत आला नव्हता.

जेप्लेटिंग जिंकली. परतीची गाडी इटेनच्या कमानीपाशी थांबली, तशा बायका गात पुढे आल्या. पोरीने दोन घोट घेतले आणि तुंबा जेरोटिचपुढे धरला.

"घे ताई. निम्मं तुझंच आहे."

बायका गायच्या थांबल्या. असं कधी कोणी केलं नव्हतं. दुधाचा धुरकट वास जेरोटिचच्या नाकात शिरला, तोंडाला पाणी सुटलं. तिने तुंबा हलकेच मागे सारला.

"तूच पी. मला घोटभर पुरत नाही, अख्खा लागतो."

बायका हसल्या. किमाइयोने विचारलं, "आणि बटाटे?"

"आई विकेल. मी उद्या येते तिठ्यावर." मग ती जेप्लेटिंगकडे वळली. "आणि तू नीट झोप आज. यापुढे मी बाजूला होणार नाही."