सतरा नंबरची बाई

टेलरमामांच्या पोटात दुखायला लागलं त्याला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. गावातल्या कुठल्याच डॉक्टरकडे त्या दुखण्यावर औषध नव्हतं, कारण दुखणं मुळात एका नर्सबाईंमुळेच सुरू झालं होतं.

त्याआधीची एकोणीस वर्षं गावच्या इतिहास मंडळात मामांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मंडळ म्हणजे काही मोठा कारभार नव्हे. डेअरीच्या वरची एक लांबट खोली, तिला कायम दुधाचा वास, मधोमध एक टेबल, आणि भिंतीच्या कपाटांत लोकांनी माळ्यावरून झटकून आणून दिलेले जुने फोटो. कामाची पद्धत मात्र पक्की होती. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, प्रत्येक डोक्याभोवती रेघ काढायची, डोक्याला नंबर द्यायचा, आणि रजिस्टरात नंबरापुढे नाव लिहायचं. तेही आधी शिसपेन्सिलीनं. दोन माणसांनी एकमेकांशी चकार शब्द न बोलता चिठ्ठीवर तेच नाव लिहून दिलं, तरच ते शाईत चढायचं. दोघांपैकी एक घरातला असला तर चालेल, दुसरा मात्र घराबाहेरचाच हवा.

एवढी कडक पद्धत आली ती बेकरीवाल्याच्या कृपेनं. या गृहस्थाला प्रत्येक फोटोत आपले आजोबा दिसायचे. एकाच आठवड्यात ते आजोबा शाळेच्या पायरीवर, फुटबॉलच्या संघात आणि तलावाच्या बांधावर सापडले, आणि तिन्हीकडे नाक वेगळं. तेव्हा मामांनीच आकांडतांडव करून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं, की जो जाणूनबुजून खोटी ओळख देईल किंवा खरी ओळख लपवेल, त्याच्या आजवरच्या सगळ्या ओळखी रद्द. बेकरीवाला सुटला, कारण त्याचा खोटेपणा नव्हता, नुसती हौस होती.

मामा माणसं ओळखत ती कपड्यांवरून. आधी वडिलांनी आणि मग मामांनी मिळून साठ वर्षं या गावाला कपडे शिवून घातले होते. पाठमोरा माणूस असला तरी मामा भिंग लावत, कॉलरची टीप बघत, आणि ‘हा पाणचक्कीवाला, याचा डावा खांदा उतरता होता, आत कापसाची गादी घातलीय,’ असं सांगून मोकळे होत. लोक थक्क व्हायचे. मामाही दर वेळी आपण थक्क झालोच नाही असा चेहरा करायचे, पण घरी जाताना त्यांची चाल वेगळी असायची.

आणि मग या नर्सबाई आल्या. जन्म याच गावातला, पण आठ वर्षांच्या असतानाच आईबरोबर गाव सोडलं. जन्मभर मोठमोठ्या इस्पितळांत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर परत येऊन तळ्याजवळ दोन खोल्या घेतल्या. त्या माणसं ओळखायच्या कानांवरून. फोटो घेऊन लोकांच्या घरी जायच्या, नातवंडांचे कान निरखायच्या, आणि ‘ही पाळी तुमच्या पणजीची’ म्हणायच्या. पहिल्याच बैठकीत कुणी तरी कौतुकानं सांगितलं की आमचे मामा कपड्यांवरून ओळखतात, तर बाई अगदी निर्मळ मनानं म्हणाल्या, “कपडे काय, माणसं उसनेही घालतात. कान कोण उसने देणार?”

खोली हसली. अध्यक्ष हसले, ते म्हणजे गुरांचे डॉक्टर, जे सहसा हसत नाहीत. मामाही हसले, आणि त्या रात्री जेवताना मामींना म्हणाले, की बाई जरा आगाऊच आहेत.

तेव्हापासून मामांना बाईंचं सगळंच खुपायला लागलं. त्यांचे पांढरेशुभ्र हातमोजे खुपायचे. लोक त्यांना हाक मारून घरात बोलवायचे आणि न विचारता कपाटं उघडून दाखवायचे, ते खुपायचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी भिंतीवर फोटो दाखवून त्यांच्या गोष्टी सांगायचा कार्यक्रम असे. तो एकोणीस वर्षं मामांचा होता आणि त्याला अकरा खुर्च्या पुरायच्या. बाईंकडे गेल्यापासून लोक जिन्यावर उभे राहायला लागले. मामा पहिल्या रांगेत बसत, हाताची घडी घालत, आणि बाई कुठे चुकतात याची वाट बघत. बाई चुकत नव्हत्या, हा तर कहरच झाला.

या वर्षी पुलाला साठ वर्षं होत होती. डेअरीच्या अंगणात प्रदर्शन भरवायचं आणि पूल पुरा झाला त्या दिवशीचा फोटो भिंतीएवढा करून लावायचा, असं ठरलं. फोटोत एकेचाळीस डोकी होती. शाईतली नावं फोटोखाली छापायची, पेन्सिलीतल्यांपुढे नुसतं ‘अनोळखी’.

आता मामांचा जीव कशात अडकला होता ते सांगायला हवं. एकोणतीस नंबर म्हणजे त्यांचे वडील. मागच्या रांगेत, पुढच्या इंजिनियरच्या हॅटमागे अर्धा चेहरा झाकलेला, दिसतो तो फक्त एक डोळा आणि इंजिनियरच्या खांद्यावर ठेवलेला हात. त्या फोटोतले निम्मे कोट वडिलांच्या हातचे. एकवीस वर्षं ते नाव पेन्सिलीत पडून होतं, कारण मामांच्या शब्दाला दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. सगळ्या गावाला नावानिशी शाईत बसवणाऱ्या माणसाचा स्वतःचा बाप मात्र अजून खोडरबराच्या टप्प्यात होता.

डॉक्टरांनी सांगितलं, ही शेवटची संधी. पेन्सिलीतले नऊ नंबर उरलेत, प्रत्येकानं नऊ चिठ्ठ्या लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायच्या, डबा पुढच्या रविवारी उघडायचा.

मामा गुरुवारी दुपारी एकटेच वर गेले. एकोणतिसाव्या चिठ्ठीवर त्यांनी वळणदार अक्षरात वडिलांचं नाव लिहिलं. बाकीच्या सात पटापट उरकल्या. राहिला सतरा. सतरापुढे बाईंनी पेन्सिलीनं आपल्या आईचं नाव लिहिलेलं होतं. पुढच्या बाजूला खडीच्या ढिगावर एक बाई बसलेली, डोक्याला फडकं बांधलेलं, त्याच्या सावलीत चेहरा गडप. इतकी वर्षं या फोटोत मामांचं भिंग पुरुषांच्या कोटांवरच फिरलं होतं; आज त्यांनी ते सतरावर धरलं ते खरं तर बाईंची चूक काढायला.

जाकिटावर भिंग स्थिरावलं आणि मामांचा हात तिथेच राहिला. बायकांचं जाकीट, पण बटणं पुरुषी बाजूला. खिसा भलत्याच जागी, खाली ओघळलेला. त्यांना काही आठवावंच लागलं नाही. ते अकरा वर्षांचे होते, वडिलांच्या मशीनशेजारी पाटावर बसले होते, आणि मेलेल्या नवऱ्याचा कोट आणि एक लहान पोर घेऊन एक बाई दारात उभी होती. पुलाच्या कामावर जायला अंगात काही तरी उबदार हवं होतं तिला. कोट वडिलांनी मामांच्या मांडीवर टाकला आणि उसवायला सांगितला. काजं हलवण्याएवढं कापड उरत नव्हतं, म्हणून बटणं होती तिथेच राहिली. सगळ्या पंचक्रोशीत तसं जाकीट एकच होतं, नर्सबाईंच्या आईचं.

मामांनी भिंग ठेवून पेन उचललं. मनात त्यांनी सरळ सरळ ‘खोटं लिहू’ असं म्हटलं नाही. तसं कोण म्हणतं? मनात आलं ते असं, की बाईंकडे कान आहेत, त्यांनी कानांवरून शोधावं. मनात आलं की त्यांना सगळं गाव मिळालंय, आता आईपण भिंतीवर मिळणार, तीसुद्धा माझ्याकडून, आणि माझ्या वडिलांसाठी मात्र त्या बोटही उचलणार नाहीत. मग त्यांनी ‘ओळख पटत नाही’ असं लिहिलं, चिठ्ठीची चार वेळा घडी केली आणि डब्यात टाकली.

घरी आल्यावर मामांची जी धुसफूस सुरू झाली ती शनिवारपर्यंत संपेना. बाईंचे हातमोजे, बाईंचा आवाज, बाईंना लोकांनी दिलेला चहा. शेवटी मामींनी भाजी चिरायची थांबवली.

“तुम्हाला वडील भिंतीवर हवेत, का नर्सबाई खाली हव्यात?” त्या म्हणाल्या. “एकदा काय ते ठरवा, म्हणजे मला जेवायला वाढता येईल.”

रविवारी खोली भरली. डॉक्टर एकेक चिठ्ठी उलगडून कोरड्या आवाजात वाचत होते. सतरा नंबर आला. बाईंची चिठ्ठी: आईचं नाव. बेकरीवाल्याची: कोरी, कारण आजोबा बाईमाणूस असणं त्यालाही जमलं नाही. बाकीच्यांच्या कोऱ्या. मामांची: ओळख पटत नाही.

बाईंनी मान हलवली. मग मामांकडे बघून अगदी सौम्यपणे म्हणाल्या, “तुम्हालाच नाही पटली म्हणजे मग कठीणच. मी फार दिवस तुमच्या आशेवर होते.”

मामांनी टेबलाच्या कडेला बोट घासलं.

एकोणतीस नंबर आला. मामांची चिठ्ठी वाचून झाली. मग डॉक्टरांनी बाईंची उघडली आणि पहिल्यांदाच चष्मा वर सरकवून सावकाश वाचली. “एकोणतीस नंबर म्हणजे शिंपीकाका. कान दिसत नाही, पण खांद्यावरच्या हाताचा अंगठा बघा, कात्रीनं चपटा झालाय. याच हातानं त्यांनी मला दोऱ्याचं रिकामं रीळ खेळायला दिलं होतं. तेव्हा मी सात वर्षांची होते.”

खोलीत टाळ्या वाजल्या. बेकरीवाल्यानं मामांच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरांनी शाईचं पेन उघडलं आणि एकवीस वर्षं थांबलात, आता तुम्हीच लिहा म्हणून मामांच्या हातात दिलं. रजिस्टर समोर होतं. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर मामांना समोर दिसत होतं, नुसतं गिरवायचं राहिलं होतं. पण रीळ दिलं तो दिवस कुठला, ते खोलीत एकट्या मामांनाच कळलं होतं. पोरीची आई मापाला उभी होती, म्हणून पोरीला रीळ मिळालं होतं.

मामांनी पेनाला टोपण लावलं.

“सतरा नंबर मला ओळखता येतो,” ते म्हणाले. “गुरुवारीच ओळखला. बाईंची आईच आहे ती. ते जाकीट नवऱ्याच्या कोटाचं केलेलं आहे, बटणं पुरुषी बाजूला राहिलीत. तो कोट मी माझ्या हातानं उसवलाय.”

“मग लिहिलं का नाहीत?” डॉक्टरांनी विचारलं.

“हेवा वाटला,” मामा म्हणाले. दुसरं एखादं कारण असतं तर त्यांनी आनंदानं सांगितलं असतं.

 बेकरीवाल्यानं रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि पहिलं पान उघडलं. ते पान त्याला पाठ होतं. त्याचा चेहरा बघवत नव्हता, कारण मनातून त्याला आनंद व्हायला हवा होता आणि होत नव्हता. नियम स्पष्ट होता. मामांच्या सगळ्या ओळखी रद्द, म्हणजे दोनशे बारा डोकी शाईतून पेन्सिलीत. सतराला आता एकट्या बाईंची साक्ष. आणि एकोणतीसलाही एकट्या बाईंचीच.

डॉक्टर म्हणाले, या एकाच फोटोपुरती सूट देता येईल का बघू. मामांनीच नको म्हटलं. आजवर गावात त्यांनी कुणाला सूट दिली नव्हती.

 आपली चिठ्ठी बाईंनी टेबलावरून परत घेतली होती आणि हातात धरून ठेवली होती. त्यांनी रागावून काही बोलावं म्हणून मामा वाट बघत होते, ते सोपं गेलं असतं.

“जाकीट कुठल्या रंगाचं होतं?” बाईंनी विचारलं.

“गडद हिरवं,” मामा म्हणाले. “आतून तपकिरी अस्तर.”

“मला इतकी वर्षं निळं आठवत होतं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी हातमोजे काढून पिशवीत ठेवले आणि घरी गेल्या.

प्रदर्शन ठरल्या दिवशीच झालं. भिंतीएवढा फोटो अंगणात उभा राहिला, त्याखाली बत्तीस नावं होती त्यांतली चौदा उरली, आणि बाकीच्यांत सतरापुढे ‘अनोळखी बाई’, एकोणतीसपुढे ‘अनोळखी पुरुष’. छापायला बंदी होती, बोलायला नव्हती. म्हणून मामा सकाळी दार उघडल्यापासून फोटोसमोर उभे होते आणि येईल त्याला सतरा नंबर दाखवत होते. ही कोण, कोट कुणाचा, काजं का हलवली नाहीत, अस्तर कसलं. वडिलांचं ते कुणाला सांगत नव्हते. ते बाई सांगत होत्या, पलीकडच्या कोपऱ्यात, त्यांच्याभोवती नेहमीसारखी गर्दी होती.

दुपारी शेजारच्या गावातली एक शिक्षिका आली. तिनं मामांचं सगळं म्हणणं मान हलवत, शेवटपर्यंत, अगदी आदरानं ऐकून घेतलं. मग ती वळली, गर्दीतून वाट काढत बाईंपर्यंत गेली आणि हळू आवाजात विचारलं, “ते गृहस्थ सांगतात ते खरं आहे का हो?”

बाईंनी लांबूनच मामांकडे बघितलं. “खरं आहे,” त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे त्या शिक्षिकेनं परत येऊन फोटो नीट निरखला, आणि तिला जाकिटाची बटणं दिसली. मामांना बाईंचा इतका हेवा दोन वर्षांत कधी वाटला नव्हता. पुढचा माणूस येऊन उभा राहिला, तशी त्यांनी सतरा नंबरावर बोट ठेवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.