पेडल खाली जातंय

गाडीचे ब्रेक बदलणार म्हटल्यावर पहिले हसले ते आमचे हे. "एवढ्या जुन्या गाडीला नवे ब्रेक? म्हातारीला कवळी बसवण्यासारखं आहे," म्हणाले. मी म्हटलं, "कवळी बसली की म्हातारी चावून खाते तरी. तुम्ही गुडघा बदलून घेतलात, तेव्हा मी हसले होते का?" मग गुपचूप इस्त्रीच्या खोलीत गेले.

आमची लाँड्री आहे. डोंगरावरच्या लॉजमधल्या चादरी, अभ्रे, टॉवेल खाली आणायचे आणि धुवून, इस्त्री करून पुन्हा वर पोचवायचे. धुणं आणि घड्या माझ्याकडे आणि वन्संकडे. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आम्ही दोघी चादरीच्या दोन टोकांना समोरासमोर उभ्या आहोत. कडाक्याची भांडणं झाली, पण घडी कधी वाकडी पडली नाही. गाडी मी चालवायची आणि वन्सं शेजारी बसायच्या, अशी वाटणी होती.

गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी. मागे गठ्ठे कोंबले की तिचं बूड खाली बसायचं, नाक वर जायचं आणि ड्रम ब्रेक बिचारे उतारभर रडायचे. एके दिवशी त्यांनी रडणंही सोडलं. जळका वास आला आणि पेडल पार तळाला गेलं. मी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि तिसऱ्या वळणावर गाडी सरळ मातीच्या ढिगात घातली. मला नुसतं खरचटलं, वन्संचं मनगट मोडलं.

मनगट जुळलं, पण वन्सं काही गाडीत बसेनात. "तुझ्या त्या खटाऱ्यात मी मेले तरी बसणार नाही." मी म्हटलं, "मेल्यावर कुठं, त्याला वेगळी गाडी येते." त्या हसल्या नाहीत. माझ्या विनोदावर वन्सं हसत नाहीत म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय, हे मी ओळखलं. आणि तसंच झालं. वरच्या मोठ्या लॉजला चादरी-टॉवेलांवर देखरेख करायला बाई हवी होती. राहायला खोली देणार होते. "सोमवारी होकार कळवायचाय," म्हणाल्या, अगदी भाजी आणायला निघाल्यासारख्या.

लाँड्रीला दुसरी बाई मिळाली असती हो, पण मला वन्सं हव्या होत्या. हे तोंडावर सांगायला जीभ उचलेना. म्हणून म्हटलं, "सोमवारपर्यंत गाडी अशी करते की तुम्ही आपणहून बसाल."

"बघूच," वन्सं म्हणाल्या.

झालं, मी पेटले. भंगारवाल्याकडून आमच्याच गाडीच्या नंतर आलेल्या, जड मॉडेलचे डिस्क ब्रेक पुढच्या चाकांसाठी आणले. नवे रबरी पाइप, चारही शॉकअब्सॉर्बर आणि मागे ओझ्याखाली बसू नये म्हणून स्प्रिंगचा एकेक जादा पाटा. गॅरेजवाल्याला सगळे 'उद्या' म्हणतात, कारण कुठल्याही कामाला त्याचं तेच उत्तर असतं. त्याने पाने दिले, गाडी उचलून ठेवायला लोखंडी घोडे दिले, तारीख मात्र दिली नाही. नको देऊ, म्हटलं. माझे वडील ट्रक चालवायचे. सुई धरायच्या आधी मी पाना धरायला शिकले आहे.

मागचे जुने पाटे सोडवताना गंजलेल्या बोल्टांनी माझा जीव खाल्ला. गाडीखाली आडवी पडून मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो आतून ह्यांनी ऐकला आणि खिडकी लावून घेतली. पण पाटे बसले, शॉकअब्सॉर्बरही बसले. मागे उभं राहून सगळा भार टाकून दाबलं, तर गाडी एकदाच खाली जाऊन वर आली आणि तिथंच थांबली. पूर्वी पाळण्यासारखी डुलत राहायची.

वन्सं दारातून हे सगळं बघत होत्या, मदत मुळीच करायची नाही असं ठरवून. पण मळ दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. "ही घाण तू गाडीला लावणार?" असं म्हणून त्यांनी दोन्ही कॅलिपर उचलून नेले. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमटीत पकडणारा ब्रेकचा जबडा. ते ब्रशने घासून लखलखीत केले, वाळवले आणि बॉनेटसमोर जुनी चादर अंथरून नीट मांडून ठेवले. मी हात पुढे केला, तिकडचा तिकडे, इकडचा इकडे, न बघता उचलून बसवला.

आता ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची राहिली. हवा आत राहिली तर पेडल स्पंजासारखं दबतं. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून हवेचं निपल उघडून बंद करायचं. ह्यांच्या गुडघ्याला ते झेपणार नव्हतं. मी वन्संकडे बघितलं. वन्संनी गाडीकडे बघितलं. ती घोड्यांवर चढवलेली, चाकं काढलेली.

"चाकंच नाहीत तर जाते कुठं मेली," म्हणाल्या आणि स्टिअरिंगमागे बसल्या.

"दाबा. धरा. सोडा." मागची चाकं झाली, पुढची झाली. मी बॉनेटखालच्या डबीत ब्रेकचं तेल ओतत होते आणि वन्सं दाबत होत्या. "कसं आहे?" "पेडल खाली जातंय." परत केलं. "खाली जातंय." तेलाच्या बाटल्या संपल्या, 'उद्या'कडून आणखी आणल्या. "अजून खालीच जातंय, वहिनी."

शेवटी माझा ताबा सुटला. पाना असा भिरकावला की बादली आडवी झाली. "भंगार ते भंगारच! जा तुम्ही वर, राहा त्या खोलीत, करा देखरेख!" आणि मला रडूच फुटलं. तेलकट हातांनी डोळे पुसले, ते आणखी चुरचुरले.

वन्सं उतरल्या. समजूत वगैरे काही काढली नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. पुढच्या चाकाच्या जागी उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अभ्रा पाण्यात घातला की फुगतो. त्यातली हवा कशी काढतेस?"

"तोंड वर करून."

"मग याचं तोंड खाली का?"

मी वाकून बघितलं. निपल जबड्याच्या खालच्या अंगाला. तेल जात होतं आणि हवा वर आरामात बसून होती. दुसरीकडेही तेच. अग्गं बाई! उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे लागला होता. वन्संनी त्यावरची खूण बघून उजवा उजवीकडेच मांडला होता, पण गाडीकडे तोंड करून, आपल्या उजव्या हाताला, म्हणजे गाडीच्या डावीकडे. आणि इतकी वर्षं समोरासमोर चादरी धरल्यामुळे त्यांनी जे टोक पुढे केलं ते डोळे मिटून घ्यायची मला सवय.

"तुमच्यामुळे झालं हे!"

"माझ्यामुळे? आणि तुझे डोळे काय वाळत घातले होतेस?"

मग मात्र दोघींनाही हसू आवरेना. ह्यांनी खिडकी उघडून बघितलं आणि पुन्हा लावली.

कॅलिपर अदलाबदल करून बसवले. दाबा, धरा, सोडा. निपलला लावलेल्या नळीतून बुडबुड बुडबुड हवा निघाली, मग नुसतं तेल आलं. "कसं आहे?" वन्संनी दाबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. "आता नाही जात," म्हणाल्या. मी चाकं लावली, पाने पुसून ठेवले, तरी त्या आत बसून दाबतच होत्या. मला वाटलं, जिंकले!

कसलं काय. सोमवारी वन्सं चांगली साडी नेसल्या आणि त्यांनी बस पकडली. "ब्रेक झकास झालेत गं," जाताना म्हणाल्या, "पण मला नाही बसवत." बस गेल्यावर मी सपाट रस्त्यावर गाडी दामटून बघितली, ब्रेक मारून मारून बघितले, गाडी एका रेषेत थांबत होती. तशीच वर, त्याच लॉजवर गेले. धुणं तर आणायलाच हवं होतं. गठ्ठे भरून स्टिअरिंगमागे बसले तेवढ्यात वन्सं ऑफिसमधून बाहेर आल्या.

"कळवलंत?" मी विचारलं.

"कळवलं." त्या थेट माझ्या बाजूच्या दाराशी आल्या. "सरक पलीकडे."

"म्हणजे?"

"लायसन्स आहे माझ्याकडे, तुझ्या आधीपासूनचं. त्या दिवशी तू काहीतरी करत तरी होतीस. गिअर टाकलास, हँडब्रेक ओढलास. मी नुसती बसले होते, पायाखाली काही नाही, हातात काही नाही. मला गाडीची भीती नाही, वहिनी. मला नुसतं बसून राहायची भीती आहे." आणि मग जरा रागाने, "इथेही तेच. घड्या दुसऱ्या बायका घालणार, मी उभी राहून बघायचं. नाही म्हणून सांगितलं त्यांना."

माझी गाडी मी आजवर ह्यांनासुद्धा दिलेली नाही. पण सरकले.

पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक इतका जोरात दाबला की गठ्ठे आमच्या मानेवर आले. दुसऱ्यावर बरा दाबला. तिसरं वळण दिसलं तशी मी दाराची कडी घट्ट धरली, दात आवळले, उजवा पाय जीव खाऊन खाली दाबला. तिथे नुसतं मॅट होतं. मी आणि तो उतार, मध्ये काहीही नाही. इतके दिवस मी या बाईला 'बसा हो, काही होत नाही' म्हणत होते.

गाडी वळणावर हळू झाली, जराही न डगमगता वळली.

"वहिनी, पाय काढ आता," वन्सं समोर बघतच म्हणाल्या. "ब्रेक माझ्याकडे आहे."

मी हो म्हटलं. पाय मात्र डोंगर उतरेपर्यंत निघाला नाही.