रांगेतली डावी चप्पल

मी डावी चप्पल बोलतेय. उजवी बोलणार नाही, ती पहिल्यापासून जरा शिष्ट आहे.

माझे मालक घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. बारा वर्षांत माझा अंगठा चारदा तुटला, पट्टा दोनदा बदलला आणि तळाला टायरचा तुकडा लागला. मूळचं म्हणावं असं माझ्यात आता फक्त माप उरलंय.

घड्याळजींना दोघांवर तोंडसुख घ्यायला फार आवडतं, माझ्यावर आणि या देशावर. खड्डा दिसला की देशाला शिव्या, अंगठा तुटला की मला. खड्ड्यात अंगठा तुटला की दोघांना एकदमच. पण मला टाकून मात्र कधी दिलं नाही.

अशात परदेशातल्या लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही आणि आई आता कायमचे इकडेच या. आणि त्या चपला आणू नका हं!" घड्याळजी काय म्हणतात म्हणून मी कान टवकारले. चपलेला कान कुठे असतात ते विचारू नका.

परदेशी जाण्याच्या परवान्यासाठी कचेरीत आम्ही दोन तास रांगेत उभे होतो. घड्याळजींची टकळी चालूच होती. "ते भिंतीवरचं घड्याळ बघा, दहा मिनिटं मागे! ज्यांना साधं घड्याळ लावता येत नाही, ते देश काय चालवणार? मी तर सुटलो!"

एवढ्यात त्यांनी खिसा चाचपला. फोटो घरीच राहिले होते! पुढे फक्त पाच माणसं आणि एकला खिडकी बंद. घड्याळजींनी मला पायातून काढलं, आपल्या जागी ठेवलं आणि एका पायाने अनवाणी घराकडे धूम ठोकली.

रांग सरकली, तसं मागे उभ्या असलेल्या एका शाळेच्या बाईंनी मला छत्रीच्या टोकाने हळूच पुढे ढकललं. इतक्यात एक सुटाबुटातला माणूस मध्ये घुसला.

"ओ साहेब, नंबर आहे इथे," रांगेतला एक टेम्पोवाला ओरडला.

"कुणाचा? कोणीच तर नाहीये!"

"चप्पल दिसत नाही का? दोन तास उभी आहे बिचारी!"

सगळी रांग माझ्या बाजूने भांडली. साहेब ओशाळले आणि चक्क मला "सॉरी" म्हणून मागे गेले. इतका मान मला घरातही मिळाला नव्हता.

बघता बघता मी खिडकीशी पोचले. कारकुनाने चष्म्यावरून वाकून पाहिलं. "पुढचे या!"

"पुढचा नंबर हिचाच आहे," बाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

घड्याळजी धापा टाकत आले, तेव्हा त्यांच्या मनगटावर एक वाजून पाच मिनिटं झाली होती. "गेलं! बंद झाली असणार," ते कळवळले.

कारकुनाने भिंतीकडे बोट केलं. "आमच्या घड्याळात अजून पाच मिनिटं आहेत, काका. आणा फोटो."

जन्मात पहिल्यांदा घड्याळजींनी एखाद्या घड्याळाची चूक काढली नाही.

कारकुनाने अर्ज वाचला. "जाणार कायमचे? नक्की ना?"

घड्याळजींनी मागे पाहिलं. बाई, टेम्पोवाला, सगळी रांग. ना ओळख ना पाळख, आणि त्यांच्या फाटक्या चपलेसाठी भांडलेली माणसं. मग खाली माझ्याकडे पाहिलं. पेन काढून त्यांनी 'कायमचे' खोडलं आणि वर लिहिलं, 'महिनाभर'.

"खाडाखोड चालत नाही," कारकून म्हणाला. "नवीन अर्ज भरा. उद्या या."

रांगेने श्वास रोखला. आता ज्वालामुखी फुटणार! पण घड्याळजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले. "काय देश आहे आमचा!" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून रोज ऐकते. एवढ्या मायेने मात्र आजच ऐकलं.

बाईंचं आणि टेम्पोवाल्याचं काम उरकलं, खिडकी बंद झाली. मग घड्याळजींनी उद्यासाठी मला बंद खिडकीसमोर नीट ठेवलं आणि ते एका चपलेवर, शीळ घालत घरी गेले.

तर सध्या मी इथे आहे, नंबर एकवर. तुम्ही आलात तर माझ्या मागे उभे राहा. झाडताना कुणी मला कोपऱ्यात ढकललं असेल, तर तेवढी उचलून जागेवर ठेवा. तुम्ही ठेवालच म्हणा. इथली माणसं ठेवतात.