दोनदा लग्न लावणारा कॅमेरा

अहो, इकडे! वर बघा, कपाटाच्या डोक्यावर. निळं फडकं पांघरून बसलोय तो मीच. मी व्हिडिओ कॅमेरा बोलतोय. आदिलाबादकडच्या इचोड्यात व्हिडिओचं दुकान चालवणाऱ्या दौलतभाऊंचा, खांद्यावर घ्यायचा, चांगला वजनदार. एके काळी मी मांडवात शिरलो की नवरदेवाकडे बघायला कुणी उरत नसे. बढाई नाही मारत. बरं, थोडी मारतो.

माझा जन्म जपानात झाला, असं माझ्या पोटावर लिहिलेलं आहे. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते खोक्याचं झाकण उघडल्यावर दिसलेलं दौलतभाऊंचं तोंड. १९८८ साल होतं, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, आणि दुकानासमोरच्या हमरस्त्यावरून कापसाचे ट्रक चालले होते. दौलतभाऊंनी नारळ फोडला. त्यांच्या बायकोनं, चंपाबाईंनी, माझी पूजा केली आणि कुंकवाचं बोट थेट माझ्या डोळ्यावर टेकवलं. दौलतभाऊ किंचाळलेच. "अवं, काच हाये ते!" मला मात्र फार आवडलं. आल्या आल्या घरचा झालो.

त्या काळी लोक मला फोटोचाच कॅमेरा समजत. माझा लाइट अंगावर पडला की चालता माणूस जागच्या जागी थांबे, टोपी सरळ करी, हात मांड्यांना चिकटवी आणि श्वास धरून उभा राही. पंगतीत बसलेला घास तोंडाशी धरून ठेवी, पण खात नसे. दौलतभाऊ ओरडत, "हाला ना बावा! फोटो नोहे हा, व्हिडिओ हाये!" तेवढ्यापुरती माणसं हलत आणि पुन्हा पुतळे होत. आमच्या पहिल्या दोन-चार कॅसेटी पाहिल्या तर अख्खं गाव शाळेच्या प्रार्थनेला उभं आहे असं वाटेल.

लग्न ठरलं की घरची मंडळी व्हिडिओवाला निवडायला दुकानात येत. दौलतभाऊ त्यांना बाकड्यावर बसवून नमुन्याची कॅसेट लावत. मी कोपऱ्यातून सगळं ऐकत असे. चित्र किती स्वच्छ आहे, हात हलला की नाही, हे कुणी बघतच नसे. बायका बघत लुगडी, पुरुष बघत मानाच्या पाहुण्याला किती वेळ दाखवलंय ते, आणि कुणी ना कुणी म्हणेच, "वरन पातळ दिसते या लोकायचं." एवढ्यावर आमची पसंती-नापसंती ठरायची. हसू नका, तुम्हीही असंच निवडता.

अशाच एका दुपारी जैनथकडचं एक कुटुंब आलं. शेतकरी भगवानराव, त्यांची बायको राहीबाई, आणि भगवानरावांचे थोरले भाऊ यशवंतराव. घरात शब्द चाले तो यशवंतरावांचा. भगवानरावांच्या शेवटच्या मुलीचं, कौशल्येचं, लग्न ठरलं होतं.

बसायच्या आधीच यशवंतरावांनी निकाल देऊन टाकला. "कॅशेट भितीले टांगता येते का? फोटो टांगता येते. पाव्हना आला का नजर पडते. मी आदिलाबादचा फोटोवाला पाहून आलो. नवरीले गुलाबाच्या फुलात बसवते तो!"

दौलतभाऊंकडे गुलाबाचं फूल नव्हतं. त्यांनी गुपचूप कॅसेट लावली.

थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची राहीबाईंच्या घरी पद्धत नव्हती. त्यांनी पदर पुढे ओढला आणि दौलतभाऊंना हळूच विचारलं, "भाऊ, अक्षदा पडतानी पोरगी दिसते का याच्यात?"

"दिसते ना, माय."

"दाखोता?"

दौलतभाऊंनी दाखवलं. कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी मांडव, अंतरपाट खाली गेला आणि अक्षता पडल्या. राहीबाई म्हणाल्या, "पुन्यांदा दाखोता?" पुन्हा दाखवलं. त्यांनी आणखी एकदा मागितलं. परक्या नवरीच्या डोक्यावर पडणाऱ्या त्या तांदळांकडे ही बाई अशी बघत होती की मला काही कळेना.

मग त्या बोलल्या, पण बघत होत्या माझ्याकडे. "नवरीच्या मायनं अक्षदा पडतानी पाह्याचं नसते आमच्यात. मांगं तुळशीले पानी घालत, पाठ करून बसा लागते. दोन पोरी अशाच देल्ल्या. वाजंत्री वाजली का समजाचं, गेली पोरगी. आता ही आखरीची. मले हिचं लगन पाह्याचं हाये, भाऊ. दुसऱ्या दिवशी पाहीन, पन पाहीन."

भगवानराव आपल्या चपलांकडे बघत राहिले. यशवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"दोघंबी येऊ द्या मंग," यशवंतराव शेवटी म्हणाले. "फोटोवाला माह्या, व्हिडिओवाला तिचा."

दौलतभाऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माय, शबूद देल्ला. दाना-दाना दाखोतो."

माझ्या नावानं शपथ घेतलेली! मी असा काही फुगलो म्हणून सांगू!

वैशाखातला गोरज मुहूर्त होता. मांडवाबाहेर जनरेटर धडधडत होतं, सनई-ताशा चालू होता, आणि मी दौलतभाऊंच्या खांद्यावरून सगळ्या जगाकडे खाली बघत होतो. आदिलाबादचा फोटोवालाही आला होता. अंगात मोठमोठ्या चौकड्यांचा शर्ट, गळ्यात दोन कॅमेरे आणि तोंडात एकच वाक्य, "कोणी हलायचं नाही!" आम्ही म्हणायचं "हाला", त्यानं म्हणायचं "हलू नका". वऱ्हाडी बिचारे अर्धे हलत होते, अर्धे थिजले होते, आणि नवरदेवाचा मामा तर एका पायावर उभा राहिला होता.

मंगलाष्टकं सुरू झाली. राहीबाई उठून घरामागे तुळशीकडे गेल्या. जाताना त्यांनी दौलतभाऊंकडे एकदा बघितलं. दौलतभाऊंनी मान हलवली आणि मला कौशल्येवर धरलं. अंतरपाटाच्या वर तिच्या मुंडावळ्या थरथरताना मला दिसत होत्या. शेवटचं अष्टक आलं. लग्न लावणाऱ्या महाराजांचा आवाज चढला. सावधान! अंतरपाट खाली गेला.

आणि माझ्यासमोर चौकडा आला.

फोटोवाला उडी मारून पुढे उभा राहिला होता. दौलतभाऊ डावीकडे सरकले, तोही डावीकडे सरकला. ते उजवीकडे गेले, तो उजवीकडे. त्याच्या पाठीवर अक्षता टपटप पडत होत्या आणि मी फक्त शर्ट बघत होतो, शर्ट आणि शर्ट! वाजंत्री कडाडली. लग्न लागलं.

तेवढ्यात घरामागून राहीबाई आल्या. हातात रिकामा तांब्या, डोळे ओले, पण तोंडावर हसू.

"आलं का, भाऊ?"

दौलतभाऊंना 'आलं' म्हणता आलं असतं. कॅसेट बघायला अजून अवकाश होता. पण ते म्हणाले, "नाही आलं, माय. पाठ आली मंधात."

राहीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "जाऊ द्या. माह्या नशिबीच नसन."

मग मात्र आमच्या दौलतभाऊंना राहवेना. मला खांद्यावर घेऊन ते मांडवात घुसले. "महाराज! थांबा जरा! अंतरपाट पुन्यांदा धरा. व्हिडिओत आलं नाही."

मांडवात गलका उडाला. यशवंतराव ताडकन उठले. "लगन का दोनदा लागते? खूळ लागलं का तुमाले? अपशकुन हाये!"

महाराज पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला. "लगन लागलं ते लागलं, यशवंतराव. ते आता देवबी मोडू शकत नाही. हे करतीन ते निसतं शूटिंग. याले ना मुहूर्त, ना शास्त्र."

तेव्हा नवरी बोलली. इतका वेळ खाली मान घालून बसलेली कौशल्या हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "महाराज, याले शास्त्र नाही, तं मंग मायनं पाह्यलं तं चालते का?"

महाराज एकदम हसले. "चालते, माय. काऊन नाही चालत?"

सगळ्यांच्या माना यशवंतरावांकडे वळल्या. मग त्यांनी अंतरपाटाचं एक टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि भावजयीकडे न बघता गरजले, "तिले म्होरं उभी करा! अन् या चौकड्याले आंधी खाली बसवा!"

काय सांगू तुम्हाला! मी शेकडो लग्नं पाहिली, पण असं लग्न पाहिलं नाही. लाइट लागला, आणि सवयीप्रमाणे सगळं गाव पुतळा झालं. वर केलेले हात वरच राहिले. महाराजांनी पुन्हा सूर लावला, अंतरपाट पुन्हा खाली गेला, आणि त्या सगळ्या थिजलेल्या गर्दीत एकच हात हलला. राहीबाईंचा.

दौलतभाऊंनी मला त्यांच्याकडे वळवलं. मी ओरडणारच होतो, 'भाऊ, नवरी तिकडे आहे!' मग मला दिसलं. राहीबाई मूठभर अक्षता एकदम टाकतच नव्हत्या. एकेक दाणा टाकत होत्या, मूठ लवकर संपू नये म्हणून. एक दाणा टाकायचा, लेकीकडे बघायचं, मग दुसरा. महाराजांच्याही ते ध्यानात आलं असावं. शेवटचं अष्टक संपलं तरी ते थांबले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. मूठ रिकामी झाल्यावर राहीबाईंनी दोन्ही हातांनी कौशल्येचं तोंड धरलं आणि दोघी मायलेकी रडल्या. मला रडता येत नाही. नाहीतर त्या दिवशी मी आतून गंजलो असतो.

ताक मागायला आलेल्या बाईला दूध मिळालं, आणि तेही आमच्या चुकीमुळे!

आठवड्यानं त्यांच्या गावात कॅसेट दाखवायची ठरली. मलाच शाळामास्तरांच्या टीव्हीला जोडलं. पडद्यावर तो चौकडा आला तेव्हा गाव खो खो हसलं, आणि सगळ्यात जास्त राहीबाई हसल्या. "हाच तो बावा! याच्याच पुण्याईनं पाह्यलं म्या."

ही गोष्ट जैनथपासून नेरडीगोंड्यापर्यंत कशी पसरली, देव जाणे. पण त्यानंतर आमच्या दुकानात आया येऊ लागल्या. मागे बाप, काका, मामा, पुढे आई. नमुन्याची कॅसेट कुणी मागेना. विचारायच्या, "दोनदा लगन लावनारा कॅमेरा तुमचाच ना?" एक तर दौलतभाऊंना बजावून गेली, "पह्यल्यांदा चुकसान ना, भाऊ? पाहा बरं, नेम धरून चुका!" मग काय, आम्ही दरवर्षी नेम धरून चुकत राहिलो. चांगलं शूटिंग करून नाव कमावणारे पुष्कळ असतील. आम्ही चुकून कमावलं.

पण दिवस कुणासाठी थांबत नाहीत. तळहाताएवढे कॅमेरे आले. दौलतभाऊंचा खांदाही दुखू लागला. त्यांनी एक नवा, छोटासा घेतला आणि मी इथे वर येऊन बसलो. डोळ्याला बुरशी धरली आहे. फडक्याखाली एक पाल राहते. तिच्याशी माझं बरं जमतं.

आता १९९९ साल चालू आहे. थोड्या वेळापूर्वी नेरडीगोंड्याकडच्या कुसुमबाई आल्या, सोबत नवरा आणि लग्नाची लेक. दौलतभाऊंनी नवा कॅमेरा कौतुकानं पुढे केला. "लय हुशार हाये हा, माय. कितीबी गर्दी असो, दुरून जवळ ओढते. चुकतच नाही."

कुसुमबाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"चुकत नाही, तं मले काय कामाचा? तो मोठा कुठी हाये?"

त्यांचं बोट वर आलं. माझ्याकडे! दौलतभाऊ हसून हसून बेजार झाले आणि आता स्टूल आणायला गेले आहेत. अहो, तुम्ही नुसते बघत काय उभे आहात? ते फडकं काढा, पालीला जरा बाजूला सारा, माझा डोळा पुसा. आणि एवढं एक माझं ऐका. लग्नाला याल तेव्हा मोठमोठ्या चौकड्यांचा शर्ट घालून या, आणि अंतरपाट खाली जाताना बरोब्बर माझ्यासमोर येऊन उभे राहा.