फिनाइलने धुतलेलं स्वागत

तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी. मांजर घरी आणायची तयारी मला कोणी शिकवायला नको! खाण्याची वाटी, पाण्याचं भांडं, शी-शूसाठी मातीचा ट्रे, नखं घासायला दोर गुंडाळलेला खांब, मऊ गादी. सगळं आणलं आणि फिनाइलने दोनदा धुतलं.

"मांजर आणतेयस की पेशंट भरती करतेयस?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

ही मांजर आधी दोन घरांतून परत आलेली. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या बाईंनी बजावलं होतं, "उद्या दुपारपर्यंत काही खाल्लं नाही, तर घेऊन जाईन." लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून घर नुसतं खायला उठायचं. मला ती मांजर हवीच होती.

तिच्यासोबत आलेलं मळकं फडकं बघून अंगावर काटा आला. तेही उकळून टाकलं.

आली ती थेट वॉशिंग मशीनच्या मागे. अन्नाला तोंड लावेना. मी वाटी चारदा बदलली, चारदा फिनाइलने धुतली. हे मात्र मशीनपाशी जमिनीवर आडवे होऊन तिच्याशी गप्पा मारत राहिले.

दुसऱ्या दुपारी बाई पिंजरा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो सिस्टर, हे घर आहे की ऑपरेशन थिएटर? फिनाइल बाधतं मांजरांना! आणि तिचं फडकं?"

"उकळलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. खिडक्या उघडल्या, सगळं साध्या पाण्याने खळखळून धुतलं. तरी ती हलेना. बाईंची नजर ह्यांच्या स्वेटरवर गेली.

"हा कधीपासून अंगात आहे?"

ह्यांनी माझ्याकडे चोरून बघितलं. "दोन... तीन दिवस."

साफ खोटं! आठवडा तरी झाला होता.

"काढा. तिच्यापुढे ठेवा. ओळखीचा वास हवाय तिला."

पाच मिनिटं गेली. मग नाक आलं, मिशा आल्या, सगळी मांजर आली. स्वेटर हुंगला, त्यावर बसली आणि वाटी चाटूनपुसून साफ केली! मी तिथेच फतकल मारून ढसाढसा रडले. बाई रिकामा पिंजरा घेऊन हसत गेल्या.

"मला थंडी वाजतेय गं," हे म्हणाले. "स्वेटर घेऊ का?"

"खबरदार! कपाटातला दुसरा घाला. आणि तोही धुवायला टाकू नका, तिला लागेल."