हौदाबाहेरचं वजन

वाळूजच्या पुढच्या त्या मळ्यात मंगळवारी उभं राहायला जागा नव्हती. छातीभर पाण्याच्या हौदात दहा-बारा म्हातारी माणसं काठीवाचून चालत होती आणि काठावरचे लोक हात जोडून बघत होते.

हौदबाबा मात्र कोरड्या जागी पाटावर बसला होता. "गुडघ्यातला वात मी पाण्याला दिला. आता काठी देवाला द्या. दिलेली काठी परत मागाल, तर वात दुप्पट होऊन येईल."

भिंतीशी काठ्यांची रास होती. तिच्यात आशाच्या आईचीही होती. महिन्यापूर्वी तिची आई आवडाबाई हसत हौदातून वर आल्या, ओल्या शहाबादी फरशीवर चार पावलं चालल्या आणि पडल्या. खुबा मोडला. सोळाव्या दिवशी गेल्या.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाला होता.

आज आईची धाकटी बहीण, साळूमावशी, हौदात उभी होती. काठावरची आपली काठी ती बाबाच्या माणसाला, कारभारीला, देणार तोच आशानं ती धरली. आशा शहरातल्या छावणी भागातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं काठावरची घागर मावशीपुढं केली.

"मावशी, ही भर, आणि पाण्यातल्या पाण्यात उचल."

"उचलली की. लई हलकी हाय."

"आता बाहेर काढ."

घागर वर आली तसे मावशीचे हात खाली ओढले गेले.

"त्यात काय नवल?" काठावरची चतुराबाई म्हणाली. "आडातून शेंदताना रोजचंच हाय हे. पाण्यात हाय तवर फुलासारखी."

"मग माणसाचं वेगळं असतं का?"

"मास्तरीणबाई, घागरीला आत्मा नसतो," म्हणत बाबा उठला.

"आन उठताना तुमी कारभारीचा खांदा का धरता?" गर्दीतल्या पुंजारामानं विचारलं. लोक हसले. बाबानं हात काढला आणि लगेच पुन्हा ठेवला.

आशा हसली नाही. "पाणी खोटं नाही. त्यात सांध्यांवरचा भार कमी होतो, पाय मोकळे होतात. डॉक्टरही पाण्यात व्यायाम सांगतात. पण ते धरायला दांडी लावतात, फरशी कोरडी ठेवतात आणि बाहेर येणाऱ्याच्या हातात काठी देतात. हा माणूस नेमकी तिथंच काठी काढून घेतो."

मावशी काठी टेकत, आशाला धरत, एकेक पायरी चढून वर आली. फरशीवर थांबली. पडली नाही.

बरं करणारा माणूस आधार काढून घेत नाही. जो काढून घेईल, त्याला कारण विचारा. कारण नसेल, तर आपली काठी घ्या आणि घरी जा.